चार बाजू मोजल्या, पण जागा कुठं मोजली?

गेल्या वर्षी चतुर्थीच्या आधल्या आठवड्यात माझा मावसभाऊ एक कागद घेऊन घरी आला. डिचोलीकडे त्यानं एक जागा बघून ठेवली होती. आकार चौकोनी, पण धड आयत नाही की धड चौरस नाही. आपल्याकडच्या जागा असतात तशीच: मागे ओहोळ, एका अंगाला शेजाऱ्याची मेर (हद्दीचा बांध), पुढून रस्ता तिरका गेलेला. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबाराच म्हणा) होता, पण तो अख्ख्या सर्व्हे नंबरचा, आणि हा त्यातला तुकडा. (तुकडा विकत घेण्याच्या कायदेशीर भानगडी वेगळ्या, त्यात मी पडत नाही.) या तुकड्याच्या चार बाजू एजंटानं टेपनं मोजून कागदावर ओळीनं उतरवल्या होत्या: २६, २८, २५ आणि २५ मीटर. खाली गोल करून लिहिलं होतं, ६७५.७५ चौरस मीटर.

"ताई, तू गणिताच्या शिकवण्या घेतेस ना? एवढा हिशेब बघ बरं."

"कर्ण कुठाय?" मी विचारलं.

"कसला कर्ण?"

तिथंच घोडं पेंड खात होतं. चार बाजूंची बेरीज करून त्या जागेला कुंपण किती लागेल ते सांगता येतं. पण त्या कुंपणाच्या आत जागा किती आहे, हे त्याच चार आकड्यांवरून कुणालाच सांगता येत नाही, मला नाही आणि एजंटालाही नाही. शाळेत परिमिती आणि क्षेत्रफळ एकाच धड्यात, एकामागोमाग शिकवतात. त्यामुळे ही दोन भावंडं आहेत असा आपला समज होतो. प्रत्यक्षात ती एकमेकांना फारशी ओळखतही नाहीत.

आधी सोपी गोष्ट उरकू. सरळ रेषांनी बंद केलेली कुठलीही आकृती म्हणजे बहुभुज. तीन बाजूंचा त्रिकोण, चार बाजूंचा चौकोन, मग पंचकोन, षटकोन, आणि गोव्यातल्या भाटांचे, म्हणजे माडा-पोफळीच्या बागायतींचे, नकाशे बघितलेत तर सतरा-अठरा बाजूंचे, नाव नसलेले बहुभुजही भेटतात. परिमिती म्हणजे काठाकाठानं एक पूर्ण फेरी मारली तर होणारं अंतर. सगळ्या बाजूंची बेरीज, बस. आयताचं सूत्र, चौरसाचं सूत्र अशी जी पाठ करून घेतात, ती नुसती बेरजेची आखूड रूपं आहेत. भावाच्या जागेची परिमिती २६ + २८ + २५ + २५ म्हणजे १०४ मीटर. दर दोन मीटरवर एक खांब रोवायचा तर ५२ खांब. ५३ नव्हे. सरळ रस्त्याच्या कडेला १०४ मीटरवर खांब लावले तर ५३ लागतात, कारण दोन्ही टोकांना एकेक हवा. बंद आकृतीत शेवटचा खांब म्हणजेच पहिला खांब. या एका खांबावरून वर्गात दरवर्षी भांडण होतं.

परिमितीची एक गंमत घर बांधणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १० मीटर बाय ८ मीटरचा आयत घ्या. परिमिती ३६, क्षेत्रफळ ८०. आता त्याच्या एका कोपऱ्यातून ४ बाय ३ चा तुकडा पडवीसाठी कापून काढा. उरलेल्या घराचा आकार गुण्यासारखा, म्हणजे गवंड्याच्या काटकोनासारखा होतो. क्षेत्रफळ ८० वरून ६८ वर आलं. परिमिती? तीच, ३६. जेवढ्या दोन कडा कापून गेल्या, तेवढ्याच लांबीच्या दोन कडा आत नव्यानं तयार झाल्या. म्हणजे फरशा कमी लागतील, पण बाहेरच्या भिंतीच्या चिऱ्यांचा खर्च एका रुपयानंही उतरणार नाही. आणि खाच कोपऱ्यात न पाडता भिंतीच्या मधोमध पाडली, तर घर लहान होऊन भिंत उलट लांबते.

परिमिती मोजताना फसगत होते ती काठ वाकडातिकडा असला की. ओहोळाच्या बाजूला टेप ताणून धरली तर २५ मीटर येईल. त्याच बाजूला दगडादगडाला वळसे घेत सुतळी टाकली तर २९ सुद्धा भरेल. आपल्या देशाची किनारपट्टी कितीतरी वर्षं ७,५१६ किलोमीटर म्हणून पुस्तकांत होती. अलीकडे ती जास्त बारकाईच्या नकाशांवरून पुन्हा मोजली, तर ११,०९८ किलोमीटर निघाली. समुद्र काही मागे सरकला नाही. खाड्या, नद्यांची मुखं, बारीक वळणं, जी आधीच्या नकाशात सरळ रेषेत दबून गेली होती, ती मोजमापात आली इतकंच. मापाची पट्टी बारीक केली की परिमिती वाढत जाते. क्षेत्रफळाचं तसं होत नाही. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, ते किनारा कितीही बारीक मोजला म्हणून दीडपट होणार नाही. म्हणूनच वाकड्या काठाची जागा मोजताना काठाचे छोटेछोटे सरळ तुकडे पाडून तिला बहुभुज मानतात, आणि क्षेत्रफळात फार चूक होत नाही.

आता क्षेत्रफळ. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी फरशी घेतली, तर जमिनीवर अशा किती फरशा मावतील, तो आकडा म्हणजे चौरस मीटरमधलं क्षेत्रफळ. गोव्यात प्लॉटचा भाव चौरस मीटरवर ठरतो, हे आपलं सुदैव. सीमेपलीकडे सावंतवाडीला गेलं की गुंठे सुरू होतात. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. फ्लॅटवाले पुन्हा चौरस फुटांत बोलतात, आणि तिथं एक चूक अगदी शिकलेली माणसंही करतात. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट, हे बरोबर. पण एक चौरस मीटर म्हणजे ३.२८ चौरस फूट नव्हे, १०.७६ चौरस फूट. फरशीची लांबीही ३.२८ पट झाली आणि रुंदीही, तेव्हा ३.२८ ला ३.२८ नं गुणावं लागतं. याच कारणानं बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ दुप्पट होत नाही, चौपट होतं.

चतुर्थी तोंडावर होती म्हणून भावाला माटोळीचं उदाहरण दिलं. गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीला बाहेरून एकूण सहा मीटर पट्टी लावायची आहे समजा. दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकट केली तर पट्टी लागली सहा मीटर, आणि नारळ, सुपारीचे घोस, रानफळं टांगायला जागा मिळाली दोन चौरस मीटर. तीच पट्टी दीड बाय दीडच्या चौरसाला वापरली तर जागा २.२५. आणि कुणी विक्षिप्तपणे २.९ मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद अशी चौकट ठोकली, तर पट्टी तेवढीच गेली आणि जागा उरली ०.२९ चौरस मीटर. तिच्यावर एक नारळांची रांग लागेल. परिमिती तिन्ही वेळा तीच.

उलटंही तितकंच खरं. ४०० चौरस मीटर शेत २० बाय २० असेल तर बांध ८० मीटरचा. १०० बाय ४ ची पट्टी असेल तर २०८ मीटरचा. वाटण्या होऊन होऊन लांबट झालेल्या शेतांत मेरा घालण्यातच माणूस थकतो, ते यामुळे.

"हो, पण माझ्या प्लॉटच्या चारही बाजू तर ठरलेल्या आहेत," भाऊ म्हणाला. "लांबी-रुंदी बदलायचा प्रश्नच नाही."

शंका रास्त होती. तिचं उत्तर हातानं करून बघण्यातच आहे. बांबूच्या सारख्या लांबीच्या चार पट्ट्या घ्या, टोकाला टोक लावून खिळ्यांनी सैलसर जोडा. चौकोन तयार झाला. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून दाबा. चौकोन कलतो, चेपत जातो, शेवटी जवळजवळ काठीसारखा सपाट होतो. एकाही पट्टीची लांबी बदलली नाही, आणि आतली जागा मात्र भरपूरपासून शून्यापर्यंत कुठंही असू शकते. तीन पट्ट्यांचा त्रिकोण करून दाबा बघू. हलत नाही. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला, त्याचे कोन ठरले, त्याचं क्षेत्रफळ ठरलं. कौलारू छपराच्या कैचीत सुतार त्रिकोण करतो ते शोभेसाठी नसतं, आणि माटोळीची चौकट डुगडुगायला लागली की तो तिच्यात एक तिरकी पट्टी मारतो तीही याचसाठी. ती तिरकी पट्टी म्हणजे कर्ण. तिनं चौकोनाचे दोन त्रिकोण केले, आणि चौकोन घट्ट झाला.

तर भावाच्या जागेत आम्हाला हवी होती ती ही पाचवी लांबी. दुसऱ्या दिवशी जाऊन रस्त्याकडच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत आरपार टेप टाकली. ३० मीटर भरले.

आता कागदावर दोन त्रिकोण. एकाच्या बाजू २६, २८ आणि ३०. दुसऱ्याच्या २५, २५ आणि ३०. तिन्ही बाजू माहीत असलेल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायची रीत हेरॉनच्या नावानं ओळखली जाते. हा अलेक्झांड्रियाचा गणिती, पहिल्या शतकातला. रीत अशी: तिन्ही बाजूंच्या बेरजेचं अर्धं करा. त्या अर्ध्यातून एकेक बाजू वजा करा. ते अर्धं आणि तिन्ही वजाबाक्या अशा चार संख्यांचा गुणाकार करा आणि त्याचं वर्गमूळ घ्या. पहिल्या त्रिकोणाची बेरीज ८४, अर्धं ४२. वजाबाक्या १६, १४, १२. गुणाकार १,१२,८९६, वर्गमूळ ३३६. दुसऱ्याचं अर्धं ४०, वजाबाक्या १५, १५, १०, गुणाकार ९०,०००, वर्गमूळ ३००. दोन्ही मिळून ६३६ चौरस मीटर.

आणि एजंटाच्या कागदावर ६७५.७५. फरक ३९.७५ चौरस मीटरचा. हिशेबाला सोपं जावं म्हणून चौरस मीटरला दहा हजार रुपये धरा, तर ३,९७,५०० रुपये हवेत गेले.

तो माणूस फसवत होता असं मी म्हणत नाही. त्यानं जी रीत वापरली ती फार जुनी आणि फार पसरलेली आहे: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. २६ आणि २५ ची सरासरी २५.५. २८ आणि २५ ची २६.५. गुणाकार ६७५.७५. इजिप्तमध्ये एडफूच्या देवळाच्या भिंतींवर जमिनींच्या नोंदी कोरलेल्या आहेत, त्यांतही हाच नियम वापरलेला सापडतो. आपल्याकडे ब्रह्मगुप्तानं ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात तो दिला, पण स्पष्ट शब्दांत 'स्थूल' म्हणून. स्थूल म्हणजे ढोबळ. आयत असेल तरच ही रीत अचूक उत्तर देते. नाहीतर ती नेहमी जास्तच सांगते, कमी कधीच नाही. विकणाऱ्यांना ती का आवडते, ते यावरून समजावं.

ब्रह्मगुप्तानं लगेच पुढं सूक्ष्म रीतही दिली आहे. चारही बाजूंच्या बेरजेचं अर्धं करा, त्यातून एकेक बाजू वजा करा, चार वजाबाक्यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या. आपल्या जागेसाठी अर्धं ५२, वजाबाक्या २६, २४, २७, २७, गुणाकार ४,५४,८९६ आणि वर्गमूळ जवळजवळ ६७४.५. हे ६३६ का नाही आलं? कारण ही रीत ज्या चौकोनाचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर बसतात त्यालाच लागू पडते. पण ती दुसरी एक गोष्ट सांगून जाते, आणि मला ती फार आवडते. चार बाजू ठरलेल्या असताना चौकोन जास्तीत जास्त जागा घेरतो तो वर्तुळावर बसल्यावरच. म्हणजे २६, २८, २५, २५ या बाजूंची जागा कितीही ताणली, कशीही वळवली, तरी ६७४.५ च्या वर जाऊच शकत नाही. एजंटाचा ६७५.७५ हा आकडा नुसता चुकीचा नव्हता. तो अशक्य होता. जागेवर न जाता, घरात बसून हे सांगता येत होतं.

खालच्या बाजूलाही किती मोकळं रान आहे बघा. तोच कर्ण ३० ऐवजी १४ मीटर भरला असता, तर याच चार बाजूंत जागा सुमारे ३४९ चौरस मीटर असती. कुंपण तेवढंच, जागा जवळजवळ अर्धी.

भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत या प्रकारावर जे लिहिलंय ते वाचून मी वर्गात मोठ्यानं हसले होते. एखादा लंब किंवा कर्ण न सांगता, नुसत्या चार बाजू देऊन जो चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारतो, तो विचारणारा पिशाच. आणि उत्तर देणारा त्याहूनही मोठा पिशाच. भावाला हे ऐकवलं. तो म्हणाला, "म्हणजे मी लहान पिशाच, एजंट मोठा."

हेरॉनची रीत सुंदर आहे, पण आकडेमोडीची. टेपबरोबर काटकोन धरायची सोय असेल तर त्याहून सोपा रस्ता आहे, आणि खरं म्हणजे क्षेत्रफळाचा सगळा धडा त्या एका रस्त्यावर उभा आहे. आर्यभटानं ४९९ सालच्या सुमारास तो अर्ध्या ओळीत सांगितला: त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे लंब आणि अर्धा पाया यांचा गुणाकार. का, ते कागदाला कात्री लावून दिसतं. एकसारखे दोन त्रिकोण कापा, त्यातला एक उलटा करून दुसऱ्याला चिकटवा. समांतरभुज चौकोन होतो. त्याचं एक टोक उभं कापून दुसऱ्या टोकाला लावा. आयत झाला, पाया गुणिले उंची. त्याच्या निम्मा आपला त्रिकोण.

भावाच्या जागेत ३० मीटरचा कर्ण हाच दोन्ही त्रिकोणांचा पाया. त्याच्यावर एका अंगाच्या कोपऱ्यातून लंब टाकला तर २२.४ मीटर, दुसऱ्या अंगाच्या कोपऱ्यातून २० मीटर. अर्धा पाया १५. पंधरा गुणिले ४२.४, उत्तर तेच ६३६. वर्गमूळ नाही, काही नाही.

इथं मुलं एक हमखास चूक करतात, आणि मोठेही: तिरक्या बाजूलाच उंची समजतात. उंची म्हणजे पायाशी काटकोनात असलेलं अंतर. झुकलेल्या माडाची उंची सांगताना आपण खोडाची लांबी सांगत नाही, तसंच.

एवढं हाती आलं की बाकीची सूत्रं पाठ करायची गरज उरत नाही. समलंब चौकोनात कर्ण काढा, सारख्याच उंचीचे दोन त्रिकोण मिळतात, एकाचा पाया वरची समांतर बाजू, दुसऱ्याचा खालची. म्हणून समांतर बाजूंची बेरीज गुणिले उंची, भागिले दोन. पंचकोनाचे तीन त्रिकोण, षटकोनाचे चार, अठरा बाजूंच्या भाटाचे सोळा. आकृती आत खचलेली असली तरी त्रिकोण पडतातच, फक्त कर्ण आकृतीच्या बाहेर जाणार नाही एवढं बघावं.

सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असतील तर काम आणखी हलकं. अंगणातलं अष्टकोनी तुळशीवृंदावन घ्या. एक बाजू एक मीटर आहे समजा. मध्यापासून प्रत्येक कोपऱ्याला दोरा ताणला की आठ एकसारखे त्रिकोण झाले. प्रत्येकाचा पाया एक मीटर, आणि उंची म्हणजे मध्यापासून बाजूच्या मधोमधपर्यंतचं अंतर. वृंदावनाच्या पोटात शिरून मध्य शोधायचं कारण नाही. समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर बाहेरून मोजा, ते २.४१४ मीटर भरेल, त्याचं अर्धं १.२०७. आठही त्रिकोण एकत्र केले तर अर्धी परिमिती गुणिले ही उंची, म्हणजे ४ गुणिले १.२०७, साधारण ४.८३ चौरस मीटर. परिमिती आणि क्षेत्रफळ इथं पहिल्यांदा एकमेकांचा हात धरतात. बाजू आठाच्या सोळा, सोळाच्या बत्तीस करत गेलात की आकृती वर्तुळाकडे सरकते, उंची त्रिज्येकडे, आणि अर्धा परीघ गुणिले त्रिज्या हे वर्तुळाचं क्षेत्रफळ होतं.

हल्लीचे मोजणीवाले कर्णबिर्ण मोजत बसत नाहीत. त्यांचं यंत्र प्रत्येक कोपऱ्याचं स्थान दोन आकड्यांत देतं: एका ठरावीक बिंदूपासून पूर्वेला किती, उत्तरेला किती. त्यावरून क्षेत्रफळ काढायची रीत इतकी यांत्रिक आहे की सातवीतलं पोरही करेल. एक पंचकोन घेऊ. कोपरे, घड्याळाच्या उलट दिशेनं क्रमानं: (०, ०), (२०, ०), (२५, १२), (१६, २४), (०, १२). हे एकाखाली एक लिहा आणि पहिला कोपरा शेवटी पुन्हा लिहा. आता दर दोन ओळींत फुलीसारखा तिरका गुणाकार: वरच्याचा पहिला गुणिले खालच्याचा दुसरा, त्यातून खालच्याचा पहिला गुणिले वरच्याचा दुसरा वजा. बुटाची नाडी ओवतात तशा या रेषा दिसतात. पहिल्या जोडीचं उत्तर शून्य. दुसऱ्या जोडीचं २० × १२ वजा २५ × ०, म्हणजे २४०. तिसऱ्या जोडीचं २५ × २४ वजा १६ × १२, म्हणजे ६०० वजा १९२, ४०८. चौथ्या जोडीचं १६ × १२ वजा शून्य, १९२. पाचव्याचं शून्य. बेरीज ८४०, अर्धं ४२० चौरस मीटर.

विश्वास बसत नसेल तर पडताळा घ्या. हा पंचकोन २५ बाय २४ च्या आयतात बरोबर बसतो. आयत ६०० चा. तीन कोपऱ्यांत तीन काटकोन त्रिकोण उरतात, ३०, ५४ आणि ९६ चौरस मीटरचे, एकूण १८०. सहाशेतून गेले, उरले ४२०.

परिमितीसाठी प्रत्येक बाजूची लांबी पायथागोरसनं काढायची. (२०, ०) पासून (२५, १२) पर्यंत पूर्वेला ५, उत्तरेला १२, म्हणून १३ मीटर. अशाच बाकीच्या: २०, १३, १५, २०, १२. बेरीज ८०. आता ८० मीटरचं कुंपण चौरसाला घातलं असतं तर २० बाय २०, म्हणजे ४००च मिळाले असते. हा वेडावाकडा पंचकोन चौरसापेक्षा २० चौरस मीटर जास्त घेरून बसलाय. चौरसच सगळ्यात उदार, असं जे आपण माटोळीवरून शिकलो, ते फक्त चार बाजूंच्या जगात खरं.

या रीतीत सांभाळायची गोष्ट एकच, क्रम. कोपरे काठाकाठानं फिरत यायला हवेत. मध्येच उडी मारली तर आकृती स्वतःलाच छेदते आणि उत्तर कशाचंच नसतं. घड्याळाच्या दिशेनं गेलात तर उत्तर उणे येतं, तेवढं चिन्ह सोडून द्यायचं.

आणि ज्यांना हेही जड वाटतं त्यांच्यासाठी दारातली ठिपक्यांची रांगोळी आहे. गेओर्ग पिक नावाच्या गणितीनं १८९९ साली दाखवलं की सगळे कोपरे ठिपक्यांवर असतील, तर क्षेत्रफळ नुसते ठिपके मोजून मिळतं: आतले ठिपके, अधिक काठावरच्या ठिपक्यांचे निम्मे, वजा एक. पाच बाय पाच ठिपके काढा आणि चारही कडांच्या मधल्या ठिपक्यांना जोडून उभा पतंग करा. काठावर आठ ठिपके येतात, आत पाच. ५ + ४ − १ = ८. आणि चौकटी मोजून बघितल्या तरी आठच. या सूत्राचं कारण समजावायला वेगळा लेख लागेल, पण मुलांपुढं टाकून बघा, अर्धा तास घरात शांतता असते.

भावाच्या जागेचं एक राहिलं. ६३६ चा आकडा घेऊन तो खूश होता. मी नव्हते, कारण कर्ण मोजताना माझ्या पायांना उतार जाणवला होता. रस्त्याकडून ओहोळाकडे जमीन खाली जाते, आणि आम्ही टेप जमिनीवर टाकून मोजली होती. नकाशावरचं क्षेत्रफळ हे वरून बघितल्यासारखं, सपाट पातळीतलं असतं. डोंगर-उताराची लांबी त्यात धरत नाहीत. म्हणून टेप पाण्याच्या पातळीत आडवी धरायची, तिचं टोक ओळंब्यानं खाली उतरवायचं आणि टप्प्याटप्प्यानं जायचं.

पुढच्या रविवारी ओळंबा घेऊन पुन्हा गेलो. रस्ता आणि ओहोळ यांच्यात चार मीटरचा उतार निघाला. रस्त्याकडची २६ आणि ओहोळाकडची २५ तशाच राहिल्या, त्या आडव्याच होत्या. बाकीच्या दोन बाजू २७.७१ आणि २४.६८ झाल्या, कर्ण २९.७३. तिथंच मेरेवर बसून मोबाईलवर हेरॉन दोनदा चालवला. ३३२ आणि २९६, मिळून ६२८. ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथाचं सालही तेच, हा निव्वळ योगायोग.

भावानं एजंटाचा कागद काढला, ६७५.७५ च्या खाली ६२८ लिहिलं, दोन्हीमध्ये एक रेघ मारली आणि फोन लावला.